जुन्या गावाची वेबसाइट

चार पर्यायांतून एक कसा निवडायचा, हे लातूरच्या क्लासमध्ये पोरांना शिकवून रेणुकादास सरांचे केस पिकले, आणि गावाची वेबसाइट कशावर करायची या एका प्रश्नानं त्यांचीच मती गुंग झाली. भूकंपात त्यांचं गाव गेलं. नवं गाव दूर माळावर बसलं, ज्याची जमीन जेवढी त्या मापानं घरं वाटली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी कुठल्या कुठे फेकले गेले. ती सगळी माणसं निदान कॉम्प्युटरवर तरी एका जागी यावीत, असं गावकऱ्यांच्या मनानं घेतलं. माळ पडली सरांच्या गळ्यात, शिकलेले ना ते!

पुण्याचा भाचा अनिमेष म्हणाला, वर्डप्रेस घ्या, स्वतःची साइट होईल. बायको विनीताचं म्हणणं, फेसबुकवर ग्रुप काढा नि मोकळे व्हा. सायबर कॅफेवाला बिलाल गावचाच, त्याला व्हॉट्सॲप बरं वाटत होतं. आणखी कुणी फोरम सुचवला. फोरम म्हणजे काय, हे विचारायची सरांना लाज वाटली. शेवटी त्यांनी क्लासातली युक्ती लावली, चुकीचे पर्याय खोडत जायचे, उरेल ते उत्तर. खोडता खोडता चारही खोडून झाले. आता घ्या!

तेवढ्यात जुन्या गल्लीतल्या सिंधुमावशी जीपनं लातूरला आल्या, त्या थेट सरांच्या दारात.

"दासा, त्यात माझी पंचशीला बसंल का?"

पंचशीला पहिलीत होती, भूकंपात गेली. घरातलं दुसरंही कुणी उरलं नाही, ढिगाऱ्यातून साधा फोटो निघाला नाही.

"मला पोरगी व्हती, हे मी एकलीच सांगायलेय. कधी कधी माझं मलाच खरं वाटत न्हाई."

सरांनी खोडलेले पर्याय पुन्हा समोर घेतले. ग्रुपला खातं लागतं, व्हॉट्सॲपला नंबर, फोरमला ईमेल. सोय पाहिली, खर्च पाहिला, पण गेलेल्या माणसाला जागा कुठे, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी अनिमेषला फोन लावला आणि स्वतःची साइट घेतली. बिलालनं तिच्यावर जुन्या गल्ल्या मांडल्या, गल्लीत घरं, घरात माणसं, गेलेली नि राहिलेली. सिंधुमावशींच्या घरात पंचशीला आली. खाली कुणालाही लिहायला जागा ठेवली. उत्तर बरोबर आलं की चुकलं, ते मात्र सरांना कळेना, कारण तिथं कुणी काही लिहीतच नव्हतं.

मग एक दिवस चार ओळी आल्या. सरांनी मावशींना कॅफेत बोलावून घेतलं आणि वाचून दाखवलं. "पंचशीला शाळेत माझ्या शेजारी बसायची. ती डाव्या हातानं लिहायची, आमची कोपरं लागायची. मी लई चिडायचे." खाली नाव होतं, "हसीना, आता हिमायतनगर."

मावशींनी पुन्हा वाचायला लावलं. सरांनी वाचलं.

"डाव्याच हातानं," मावशी म्हणाल्या. "म्हंजे व्हती रे ती."