काळ्या पट्टीतली सिरिंज

कारखान्यात त्याला सगळे 'भिंग' म्हणायचे. शीतपेयाच्या बाटल्या उजेडाच्या काचेसमोरून सरकायच्या आणि हा स्टुलावर बसून एकेकीत कचरा, केस, तडा शोधायचा. सतरा वर्षं! अशा माणसाकडून भाबडेपणाची अपेक्षा करू नये. लग्न ठरताना त्यानं म्हणे मुलीचा चष्मा मागून स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिला होता, नंबर खरा सांगितलाय का म्हणून. बायको हे अजून हसत हसत सांगायची.

आता त्याची मुलगी चौदा आठवडे आधीच जन्मून काचेच्या पेटीत पडली होती. फुप्फुसं कच्ची, श्वास यंत्राचा. ज्या यंत्रानं जगवलं त्याच्याच दाबानं फुप्फुसं आता निबर व्हायला लागली होती. डॉक्टरबाईंकडे एक संशोधन चालू होतं. दुसऱ्या बाळाच्या नाळेतून वाढवलेल्या मूळपेशी श्वासनळीत सोडायच्या, आठवड्याच्या अंतरानं दोनदा. गुण येतो का, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या बाळांना पेशी, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही कळू द्यायचं नाही. पेशींचं पाणी गढूळ दिसतं, म्हणून प्रत्येक सिरिंजला काळी पट्टी गुंडाळलेली.

बायको टाके चिघळल्यामुळे वरच्या मजल्यावर पडून होती. तिनं कागद दोनदा वाचला आणि सही केली. "अहो, करा तुम्हीपण. निम्मी तर निम्मी, आशा आहे ना?"

त्यानं केली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. झाकायचं कशाला, ज्याचं सगळं चोख आहे त्यानं?

पहिल्या डोसच्या दिवशी सिरिंज ट्रेमध्ये टोक वर करून उभी होती. पट्टी टोकाशी गव्हाच्या दाण्याएवढी कमी पडली होती. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. भिंगाला दिसलं. आतलं पाणी स्वच्छ, नितळ होतं. पुढचं काही बघायला तो थांबलाच नाही.

झालं! पुढचे सात दिवस संशयाच्या किड्यानं त्याला खाल्लं. शेजारच्या पेटीतल्या बाळाचा बाप बड्या हुद्द्यावरचा होता. चिठ्ठी त्याचीच निघाली असणार, अजून काय! आपल्या तोंडाला पानं पुसली. आपल्या पोरीच्या नळीत पाणी सोडून हे लोक वहीत काय ते लिहिणार. बायकोला मात्र त्यानं चकार शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या डोसच्या दिवशी सकाळी तो डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरला. "मला दिसलंय त्यात काय होतं ते."

बाईंनी पटकन हात वर केला. "सांगू नका, प्लीज. मला कळलं तर तिला तपासताना माझी नजर बदलेल."

"म्हणजे पकडले गेलात की असं बोलायचं! मला माझी मुलगी यात ठेवायची नाही."

"तुमचा हक्क आहे. बाकीचे उपचार तसेच चालू राहतील. पण आधी तिच्या आईशी बोलून घ्या."

"तिला काय विचारायचं? तिला सगळं जगच सज्जन वाटतं."

माघारीच्या कागदावर सही ठोकून तो बाहेर आला. छाती भरून श्वास घेतला. आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असंच त्याला वाटत होतं.

तासाभरानं शेजारच्या पेटीचा डोस आला. सिस्टर सिरिंज दोन्ही तळव्यांत हळूहळू घोळवत होत्या, उलटी करत होत्या, सुलटी करत होत्या.

"हे कशाला?"

"आत पेशी असल्या तर खाली बसतात ना. वर नुसतं पाणी दिसतं. आत काय आहे ते आम्हाला कुठे माहीत? म्हणून प्रत्येकच सिरिंज घोळवायची, असा नियम आहे."

कारखान्यात नव्या माणसांना तो स्वतः ओरडायचा: बाटली आधी उलटी कर, मग बघ, गाळ तळाशी असतो! आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी उभ्या सिरिंजचं टोक बघून निकाल देऊन मोकळा झाला होता. पेशी होत्या की नव्हत्या, त्याला काहीच कळलेलं नव्हतं.

तो धावत गेला. "बाई, माझी सही फाडून टाका. द्या तिला डोस."

डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या. "दुसऱ्या डोसला आजचा शेवटचा दिवस होता हो. आणि तिची सिरिंज नष्ट केली. तुम्ही सही केली तेव्हाच."

"त्यात काय होतं?"

"ते संशोधन संपल्यावर कळेल. काही वर्षं जातील."

तो पेटीपाशी येऊन उभा राहिला. मुलीची मूठभर छाती यंत्राबरोबर वरखाली होत होती. त्याला स्वतःची इतकी चीड आली की काचेवर डोकं आपटावंसं वाटलं. तेवढ्यात दार उघडलं. आयानं चाकाच्या खुर्चीतून बायकोला आणलं होतं, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. डोसच्या वेळी आपण तिथं असावं म्हणून तिनं हट्ट धरला होता.

"उशीर झाला का हो मला? दिला डोस?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नजर तिच्या चष्म्यावर ठरेना.

"दिला," तो म्हणाला.

"नीट गेला ना सगळा? तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"मग झालं तर," ती म्हणाली. खुर्ची पेटीजवळ सरकवून घेऊन ती मुलीशी बोलायला लागली. त्याला पुन्हा काही विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही.