तेवीस जोड्या हात

माझी थोरली बहीण लहान मुलांसाठी डायनासोरांची माहितीची पुस्तकं लिहिते आणि त्यांतली चित्रंही स्वतःच रंगवते. तिचा एक हट्ट आहे. जो प्राणी काढायचा, त्याच्यासारखं आधी कुणीतरी समोर उभं राहिलं पाहिजे. हे खातं घरात माझ्याकडे आहे. लांब मानेचा शाकाहारी मी दोनदा झालोय, अंड्यांवर बसलोय, आणि एकदा चिखलात रुतून मेलोयसुद्धा, तेही उपाशीपोटी.

या खेपेचं पुस्तक ज्युरासिक काळातल्या, दोन पायांवर चालणाऱ्या शिकारी डायनासोरांचं होतं. ताईने कवट्यांच्या फोटोंवर भिंग धरून एकेक दात मोजला. एका जबड्याचा हिशेब एका दाताने चुकला, तर दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. हात मात्र तिने माझ्या भरवशावर सोडले. "शिकार दिसली. कर हात पुढे," ती म्हणायची आणि मी करायचो. आता एकतीस वर्षं कचेरीत टाइपरायटर बडवलेला माणूस हात पुढे करतो, तेव्हा तळवे आपसूक जमिनीकडे वळतात. त्यामुळे पुस्तकातले तेवीसच्या तेवीस डायनासोर सावजावर झेप घेताना रजेचा अर्ज टाइप करायच्या तयारीत होते. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

दिसलं ते हाडांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक बाईंना. चित्रं तपासायला त्यांच्याकडे गेली होती. सोमवारी त्यांची चिठ्ठी आली: 'चित्रं फार सुंदर. फक्त सगळ्यांची मनगटं मोडलेली आहेत. यांचे तळवे एकमेकांकडे असायचे, टाळी वाजवताना असतात तसे. खाली वळायचेच नाहीत.'

शनिवारी सकाळी छपाई होती. ती हुकली तर छापखाना शालेय पुस्तकं घेणार होता, म्हणजे तीन महिन्यांची निश्चिंती. प्रकाशक धापा टाकतच ताईकडे आले.

"बाई, तळवे कोण बघतं? मुलं दात बघतात!"

"मुलं सगळं बघतात. न बघणारे आपण."

"बरं, मग पुढे गवत काढा. चांगलं कोपरापर्यंत. एका दुपारचं काम."

"त्या काळी गवत उगवलेलंच नव्हतं."

प्रकाशकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ते मीच उपटलं.

"मग होतं तरी काय?"

"नेचे."

"नेचे काढा! भरपूर काढा!"

"आणि नेच्यांमागे हात कसे आहेत, असं एखाद्या मुलीने पत्र लिहून विचारलं तर? माझा भाऊ टायपिस्ट होता म्हणून कळवू?"

प्रकाशक उठले. "शुक्रवारी पाचला येतो. झाली असतील तेवढी नवी नेतो. उरलेली आहेत तशी छापीन."

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, चुकलं गं माझं."

"तुझं काय चुकलं? तू सांगितलं तसा उभा राहिलास. हाडं बघायचं काम माझं होतं." तिने कुंचला धुवायला घेतला. "आता टाळी वाजवायला निघाल्यासारखा उभा राहा. आणि वाजवू नकोस."

पुढचे चार दिवस मी जे पाहिलं, ते मी कचेरीत कधी पाहिलं नव्हतं. आधी वेगळ्या कागदावर पेन्सिलीने हाडं, मग त्यांवर मांस, मग तीन बोटं आणि नख्या, आणि हे सगळं पटल्यावरच मूळ चित्रावर रंगाचा हात. मला वाटलं होतं, पंजा फिरवला की संपलं. पण पंजा फिरला की कोपर सरकतं, कोपर सरकलं की खांदा, आणि खांदा हलला की जमिनीवरची सावली. सावलीचं तर चिठ्ठीत नावही नव्हतं. ताईने तेवीसही सावल्या बदलल्या. प्राध्यापक बाईंना तिने इतके फोन केले, की शेवटी त्या 'हॅलो' न म्हणता थेट 'कुठलं बोट?' असंच विचारू लागल्या.

शुक्रवारी पाचला प्रकाशक आले, तेव्हा टेबलावर तेवीस चित्रं ओळीने मांडली होती. ते उचलायलाच आले होते, पण पहिल्यापाशीच थबकले. मग दुसरं पाहिलं. सोळाव्याशी पोचेपर्यंत त्यांनी नकळत स्वतःचे हात पुढे धरले होते, तळवे आत. तिथे ते वाकले. आणखी वाकले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे मागे झाडाजवळचं पिल्लू... याचा डावा पंजा अजून खालीच आहे हो."

पिल्लू माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं होतं. ताईने भिंग लावलं. मग तिने रंगाची बशी पुढे ओढली.

"राहू द्या, एवढंसं तर आहे," मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून कुंचल्यासाठी पाणी आणलं.

प्रकाशकांनी छापखान्याला फोन लावला. "ते सोळावं चित्र उद्या सकाळी मी स्वतः घेऊन येतो. तोवर यंत्र सुरू करू नका... नाही, मजकूर झालाय. पंजा वाळायचाय. पिल्लाचा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ते एकदम ताठ झाले.

"डावा!" त्यांनी ठणकावून सांगितलं.