तिसरी थाप

मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, पडायची. ज्युदोच्या वर्गात मुलं एकमेकांना उचलून आपटतात ना, ती माझ्याच अंगावर. माझ्या पोटात नारळाचा काथ्या ठासून भरलेला आहे आणि वर हिरवं जाड कापड. शिवणाऱ्या कारागिराने कडेला दुहेरी टाके घातले आणि म्हणाला, "हिला मरण नाही." बिचारा कारागीर.

मित्रांनो, मी नवी होते तेव्हा माझा काय थाट होता! मुलं बूट बाहेर काढून, मला वाकून नमस्कार करून आत यायची. सर मात्र डाव शिकवण्याआधी थाप शिकवायचे. पकडीत सापडलेल्याने तळहाताने गादीवर दोनदा थाप मारायची. थाप पडली की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं.

"जुने वीर शरण आलेल्यावर हात उचलत नसत," सर सांगायचे. "तुमच्याकडे तलवारी नाहीत, थाप आहे. आणि ती इथेच ठेवून घरी जाऊ नका. शाळेत कुणी चिडवताना रडकुंडीला आलं, घरी आई 'पुरे' म्हणाली, तर तीही थापच समजा."

वर्गात दोन सख्ख्या बहिणी होत्या. वर्गाच्या फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळलं की त्यांचं घर. थोरली जिद्दी, धाकटी हसरी. धाकटी पडली तरी हसायची, त्यामुळे माझा तिच्यावर जरा जास्तच जीव होता. स्पर्धेच्या संघात एकच जागा उरली आणि शेवटची लढत नेमकी त्या दोघींत लागली.

थोरलीने धाकटीचा उजवा हात पायांत धरून कोपरात ताणला. धाकटीने डाव्या हाताने थाप मारली. दोनदा. बाकांवर आरडाओरडा चालला होता, सर पलीकडच्या बाजूला होते, आणि तो डावा हात थोरलीच्या पायाआड होता. थाप मला कळली आणि थोरलीला कळली, कारण तिचं अंग एकदम ताठ झालं. तरी तिने सोडलं नाही. एक श्वासभर आणखी ताणलं, आणि कोपर गेलं. तो आवाज माझ्या काथ्यात अजून आहे.

"मला थाप ऐकूच आली नाही," थोरली म्हणाली.

सर धाकटीजवळ गुडघे टेकून बसले. "खरं सांग बाळ, थाप मारली होतीस का?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई खाली, माझ्याकडे पाहत होती.

"नाही सर. मी मारलीच नाही."

त्या दिवशी धाकटीने तीन थापा मारल्या, मित्रांनो. दोन माझ्यावर, आणि तिसरी सरांना.

थोरली संघातून स्पर्धेला गेली, पदक जिंकून आली. सरांनी शाबासकी म्हणून तिच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा ती केवढ्याने दचकली. धाकटीचा हात पुन्हा सरळ झाला नाही. ती एकदाच आली, आपला पांढरा पोशाख लहान मुलींसाठी ठेवून गेली. त्या दिवशीही ती हसली, आणि मला ते बघवलं नाही.

पुढे सर गेले. वर्गात रंगीत, हलक्या गाद्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझे टाके उसवले, काथ्या बाहेर आला. आता मांजरसुद्धा माझ्यावर बसायचं टाळतं.

परवा दुपारी थोरली आली. केसांत पांढरं डोकावू लागलंय. जिन्याखाली वाकून तिने मला शोधून काढलं, माझ्या फाटक्या कोपऱ्याशी बसली, आणि तळहाताने माझ्यावर थाप मारली. दोनदा, हळू.

मला समजलं. पण मी गादी, मी काय सोडवणार? तिला सोडवू शकेल ती धाकटी. ती अजून त्याच घरात राहते.

जिन्याखालून मला फाटक दिसतं. थोरली फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. मग उजवीकडे वळून निघून गेली.

मित्रांनो, मला कुणी शिवलं नाही तरी चालेल. पण कुणी थाप मारली, तर सोडा. आणि सोडायला उशीर झालाच, तर निदान डावीकडे वळा.