बाणाकडे पाठ

देवाजी कापगते यांनी भिलाई स्टील प्लँटच्या ब्लास्ट फर्नेसवर फिटर म्हणून चौतीस वर्षं काढली आणि त्या चौतीस वर्षांत ड्रॉइंग बघितल्याशिवाय एक बोल्टही आवळला नाही. हे ते स्वतःच सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, सेक्टर सहामधल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, जानेवारीच्या उन्हात बसून त्यांनी पहिल्यांदा ड्रॉइंगशिवाय काम केलं. तेही मुलासाठी.

मुलगा पीयूष, वय सव्वीस. नेहरू नगरच्या कोचिंग क्लासला पाच वर्षं जाऊन त्याने सरकारी नोकरीच्या अकरा परीक्षा दिल्या होत्या. क्लासच्या दारावरच्या फ्लेक्सवर दरवर्षी नवी तोंडं लागत. त्यातली बरीचशी पीयूषच्या ओळखीची असत, कारण त्यांना गणित त्यानेच समजावून दिलेलं असे. दसऱ्याच्या सुमारास अकरावा निकाल लागला आणि तेव्हापासून तो खोलीतून फक्त जेवायला आणि आंघोळीला बाहेर येऊ लागला. पुढे पुढे आंघोळीचंही काही खरं राहिलं नाही.

परीक्षेव्यतिरिक्त त्याचं मन एकाच गोष्टीत लागे, ती म्हणजे टेबलावरची लढाई. अंगठ्याएवढी प्लास्टिकची लढाऊ अंतराळयानं, मोजपट्टी आणि फासे घेऊन ती खेळायची. भिलाईत हा खेळ खेळणारे चौघे होते. एक बंगलोरला नोकरीला गेला, तेव्हा तिघे राहिले. देवाजी या सगळ्याला ‘खेळणे’ म्हणत, आणि ते ज्या आवाजात म्हणत तो फर्नेसच्या गोंगाटात तयार झालेला असल्यामुळे शेजारच्या क्वार्टरमध्येही ऐकू जाई.

उरलेल्या तिघांपैकी अभिनव बुधवारी घरी आला. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतला मुलगा, बोलायला मोकळा.

“काकू, रविवारी रायपूरला टूर्नामेंट आहे. पीयूषचं नाव मी टाकून दिलं. पण तो फोनच नाही उचलून राहिला.”

“आमचाही नाही उचलत बाप्पा,” पीयूषची आई, साधनाताई, म्हणाल्या. “अन् आमी त एकाच घरात राहतो.”

अभिनवने बंद दाराशी उभं राहून सगळं सांगितलं. रविवारी सकाळी पावर हाउस स्टेशनवरून लोकल, दहा वाजता पहिली मॅच. “और सुन, तेरी चोवीस यानं अजून बेसवर नाही लागली. बेस नसला त एंट्री नाही.” मग व्हरांड्यात येऊन त्याने काकांना नियम समजावला. प्रत्येक यान छोट्या गोल बेसवर, दांडीच्या टोकावर उभं पाहिजे आणि बेसवर समोरची बाजू दाखवणारा बाण पाहिजे.

दाराआडून उत्तर आलं, “देखते हैं.”

दिवाळीपासूनचं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य होतं. साधनाताईंनी ते ‘हो’ धरलं.

“तुमीच लावून द्या न वो,” अभिनव गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या. “तयार दिसलं त जाईन तो. एक डाव घराबाहेर पडला पाहिजे फक्त.”

“अन् त्याले विचारायचं?”

“विचारलं त नाही म्हणन.”

हे देवाजींना पटलं. विचारलं की नाही म्हणतात, हा अनुभव त्यांना प्लँटमध्येही होता. यानं बिस्किटांच्या डब्यात होती, आणि डबा हॉलमधल्या कपाटाखाली. ज्या खोक्यावर यानाचं चित्र होतं ते खोकं मात्र पीयूषच्या पलंगाखाली होतं. म्हणजे ड्रॉइंग दाराआड होतं.

डब्यात प्लास्टिकचे बेसही निघाले. देवाजींनी एक बोटावर तोलला.

“हे कायचं बेस आहे? वारा आला त उडून जाईन.”

“उडायसाठीच आहे न ते,” साधनाताई म्हणाल्या.

देवाजींनी लक्ष दिलं नाही. गुरुवारी सकाळी स्कूटर काढून ते हथखोजला गेले. तिथे सुखरामचं लेथचं वर्कशॉप होतं. सुखराम एके काळी त्यांच्याच शिफ्टला होता. त्याने माइल्ड स्टीलच्या चोवीस चकत्या कापून दिल्या, व्यास प्लास्टिकच्या बेसएवढाच, व्हर्नियरने तपासून. प्रत्येकीच्या मध्यात भोक आणि कडेला पंचने ठोकलेला बाण.

“कायले पाहिजेत दादा?” सुखरामने विचारलं.

“हवाई जहाजं उभी करायची आहेत.”

सुखरामने पुढे विचारलं नाही. निवृत्त माणसांना पुढचं विचारू नये, हे हथखोजमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

दांड्या सायकलच्या स्पोकच्या केल्या. सगळ्या एका उंचीच्या कापल्या, टोकं घासली, लाकडाच्या फळीत खाच पाडून साचा केला, म्हणजे एकही यान वाकडं लागायला नको. मग अराल्डाइटचा गोंद. चोवीस तास हात लावायचा नाही असं पाकिटावर लिहिलं होतं. देवाजींनी तीस ठेवले. त्यांच्या हातचा जोड आजवर सुटला नव्हता.

चिकटवताना प्रश्न आला होता फक्त तोंडाचा. यानाच्या एका टोकाला माशाच्या शेपटीसारखे दोन फाटे होते. दुसऱ्या टोकाला तीन गोल भोकं, आत काळसर, कडांना कोणीतरी बारीक ब्रशने लावलेला नारिंगी रंग. तो पीयूषनेच लावला असणार, चांगल्या दिवसांत. देवाजींनी चष्मा वर सरकवून यान उन्हात धरलं. नारिंगी म्हणजे आग. चौतीस वर्षं त्यांनी भट्टीच्या ज्या भोकासमोर काढली तिथून आग निघे, आणि ती निघे समोर. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगायची: जिथून आग निघते ते तोंड, त्याच्यापुढे उभं राहू नको. यात शंकेला जागा नव्हती. त्यांनी आगीची बाजू बाणाकडे केली, फाटे मागे. एक झालं तशी बाकीची तेवीस.

शनिवारी दुपारी व्हरांड्यातल्या पाटावर चोवीस यानं चारच्या सहा रांगांत उभी होती, एका उंचीवर, एका रेषेत. खाली पोलाद, त्यामुळे पाट हलवला तरी एकही डुलत नव्हतं. साधनाताईंनी दार वाजवलं.

“पीयूष, बाबांनी काय केलं बघ त जरा.”

बऱ्याच वेळाने तो आला. दाढी वाढलेली, अंगात जुना स्वेटर, उन्हाने डोळे बारीक झालेले. पाटापुढे उकिडवा बसला. एक यान उचललं, त्याच्या वजनाने हात जरा खाली गेला. मग त्याच्या नाकातून एक आवाज निघाला. साधनाताईंनी तो हसण्यात जमा केला.

“उलटे आहेत,” तो म्हणाला.

“कोणते?”

“सगळेच. आग निघते ते मागचं असते, बाबा. इंजिन आहे ते. हे फाटे म्हणजे बंदुका.”

देवाजींनी दुसरं यान उचलून उन्हात धरलं. “आग समोर निघते,” ते म्हणाले, पण त्या शेजारी ऐकू जाणाऱ्या आवाजात नाही.

“भट्टीत समोर निघत असन. हे सगळे पळून चालले.”

“मग आता खेळता नाही येत?”

“येते. रूलमध्ये बाण बघतात फक्त. यान कुठीकडेही तोंड करून असलं तरी चालते.”

“चालते न मग. जा उद्या.”

“बघू,” पीयूष म्हणाला. यान त्याने रांगेत होतं तिथेच ठेवलं, बाण नीट पुढे करून, आणि आत गेला. दार त्याने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं साधनाताईंना वाटलं.

संध्याकाळपर्यंत देवाजींनी एक यान सोडवायचा प्रयत्न केला. गरम पाण्यात ठेवलं, मग पकडीने हळू फिरवलं. जोड सुटला नाही. पंख मात्र तुटला.

रविवारी साधनाताई पाचला उठल्या. पुऱ्या, बटाट्याची भाजी, संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू, असा डबा भरून टेबलावर ठेवला. देवाजींनी बूट घातले, स्कूटर पुसली आणि स्टेशनवर सोडायला तयार होऊन बसले. सात वाजले. लोकल साडेसातची. सव्वासातला अभिनवचा फोन साधनाताईंच्या मोबाइलवर आला. “निघाला का काकू?” त्या दाराकडे बघून म्हणाल्या, “तुमी व्हा पुढं.”

लोकल गेली असेल अशी वेळ झाल्यावर देवाजींनी बूट काढले आणि पीयूषच्या खोलीत गेले. पुष्कळ दिवसांत ते आत गेले नव्हते. पीयूष पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता, जागा होता. पलंगाखाली खोकं दिसत होतं. चित्रात यान डाव्या कोपऱ्याकडे झेपावत होतं, फाटे पुढे, आग मागे. कोणालाही कळावं इतकं ठळक.

“एक विचारतो,” देवाजी म्हणाले. “सरळ लावले असते, त गेला असता?”

पीयूष वळला. बापाच्या चेहऱ्याकडे त्याने बघितलं आणि त्याला दया आली असावी.

“नसतो गेलो बाबा. तुमचं काही नाही त्याच्यात. टेन्शन नका घेऊ.”

देवाजींनी मान हलवली. ते दुसरं उत्तर ऐकायला आले होते. चूक फिटरची असली की काम फिटरकडे परत येई आणि दुरुस्त होई. चौतीस वर्षांत असं काम कितीदा परत आलं आणि कितीदा पुन्हा गेलं. चूक फिटरची नाही असं ठरलं, की ते वरच्या माणसाकडे जाई. या घरात त्यांच्या वर कोणी नव्हतं.

ते व्हरांड्यात आले. हत्यारांच्या पेटीतून बारीक ब्लेडची करवत काढली, पहिलं यान साच्यात अडकवलं आणि स्पोक कापायला सुरुवात केली.

“आता कावून करून राहिले?” साधनाताईंनी विचारलं. “गाडी गेली न.”

“गाडी गेली त गेली. हे त उलटेच आहेत अजून.”

टेबलावरचा डबा आणून साधनाताईंनी पाटाशेजारी ठेवला, झाकण उघडलं, आणि एक पुरी पीयूषसाठी बाजूला काढून झाकली. स्पोक पोलादाचा होता, करवत कर्रकर्र वाजत होती. तिसऱ्या स्पोकला, करवत ऐकू येऊ नये म्हणून, पीयूषच्या खोलीतला पंखा सुरू झाला, जानेवारीत, पाचवर.