चुलीच्या पुढचे पाच किलोमीटर

यंदा गिऱ्हाईक नव्हतं. राजधानीतले वकील नाहीत, बँकवाले नाहीत, बुटाला चिखल लागला म्हणून तोंड वाकडं करणारं कुणी नाही. सत्तावीस फेब्रुवारीला, आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, ला सिएनागा गाव स्वतःसाठी पिको दुआर्ते चढणार होतं आणि वर नवा झेंडा लावणार होतं. अख्ख्या कॅरिबियन बेटांत याच्याहून उंच डोंगर नाही आणि तो आमच्या दारात उभा आहे. इतकी वर्षं आम्ही तो दुसऱ्यांना दाखवत आलो.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर चेपेच्या पत्र्याच्या पडवीत बैठक बसली. चेपे म्हणजे गावचा मुख्य वाटाड्या, सगळी मोहीम त्याच्या हातात. खेचरांचा मालक मामेर्तो पायरीवर दोरखंड वळत बसला होता. चेपेची शाळामास्तरीण मुलगी नूरिस वही घेऊन यादी लिहीत होती. आणि खांबाला टेकून उभी होती फेमिया, चेपेची विधवा भावजय. मोहिमांची स्वयंपाकीण. सव्वीस वर्षं झाली.

"बारा माणसं, सात खेचरं," चेपे सांगत होता. "सव्वीस तारखेला वाटेतल्या कॉम्पार्तिसिओनच्या झोपडीत मुक्काम. सत्तावीसला पहाटे पाचला शिखराकडे. झेंडा मी लावीन. फेमियावहिनी खाली झोपडीत. दहाला आम्ही परत आलो की लाल घेवडा, भात, कॉफी तयार."

नूरिसनं लिहिलं. मामेर्तोनं मान हलवली. कुणालाच त्यात काही खुपलं नाही.

"खोड ते," फेमिया म्हणाली.

"काय?"

"माझं नाव खोड. मी वर येणार आहे."

मामेर्तो हसला. "वर? तिथं काय शिजवणार, ढग?"

"तुझी जीभ शिजवीन. तासात मऊ होईल."

फेमियानं झोपडीपर्यंतचे अठरा किलोमीटर शेकडो वेळा तुडवले होते, खेचरांच्या शेपट्या धरून, कढया सांभाळत. पुढचे पाच किलोमीटर एकदाही नाही. लोक पहाटे वर जायचे आणि ती चूल पेटवायची. लोक उन्हात न्हाऊन परत यायचे आणि ती वाढायची. सव्वीस वर्षं या बाईनं त्या शिखराला माणसं खाऊ घालून पाठवली आणि तिला कुणी साधं म्हणालं नाही की बाई, तूपण चल. यात कुणी दुष्ट नव्हतं, आणि फेमियाला संताप त्याचाच यायचा. दुष्टाला निदान शिवी तरी देता येते.

"वहिनी, तुझा गुडघा," चेपे मऊ आवाजात म्हणाला.

"गुडघ्याला अठरा किलोमीटर चालतात आणि पाच टोचतात का, भाऊजी? आणि रिकामं खेचर थकलेल्या माणसासाठी नेतात ना? गेल्या डिसेंबरात त्याच्यावर बसून कोण उतरलं होतं?"

मामेर्तो दोरखंडात तोंड खुपसून खुसखुसला. त्या खेचरावर चेपेच बसला होता.

"माझं पोट बिघडलं होतं," चेपे लाल झाला. "बरं, ये वर. जेवण आम्ही करू. त्यात काय एवढं?"

"करा की. तिथं झोपडीत, त्या उंचीवर घेवडा किती वेळ शिजतो?"

"तासभर," मामेर्तो म्हणाला.

"तीन तास! तोही रात्रभर भिजवलेला असेल तर. तिथं पाणी लवकर उकळतं, पण दाणा शिजत नाही. तुमची सगळी सकाळ चुलीपुढे ढुंगण वर करून फुंकण्यात जाईल." ती पुढे आली आणि वहीवर बोट ठेवलं. "लिही, नूरिस. घेवडा मी इथंच घट्ट शिजवून डब्यांत भरते, झोपडीत नुसता गरम करायचा. पहाटेला कासाबे भाकरी, चीज आणि सलामीच्या मांसाच्या चकत्या. कंदाची कोरडी भाकरी आठ दिवस टिकते, चूल लागत नाही."

"झकास, काकू!" नूरिस म्हणाली. "मग प्रश्नच मिटला."

"मिटला नाही," चेपे म्हणाला.

या वेळी तो टाळत नव्हता, हे फेमियानं ओळखलं. चेपे पुढे म्हणाला, "वर वारा सुटला, पाऊस आला, कुणी गारठून परत फिरलं, तर झोपडीत विस्तव जिवंत हवा. मी दोन माणसं तशी वाचवलीत. विस्तव सोडून सगळ्यांनी जायचं नाही. एक माणूस मागे राहणारच."

खरं होतं ते. त्या दोघांच्या तोंडात गरम आल्याचा काढा फेमियानंच ओतला होता. मामेर्तोनं दोरखंडाकडे पाहिलं, नूरिसनं वहीकडे. वर जायचं तर प्रत्येकालाच होतं.

"तुम्ही किती वेळा गेलात वर, भाऊजी?" फेमियानं विचारलं.

"कोण मोजतंय!"

"मी मोजलंय माझं. मोजायला फार वेळ लागला नाही."

चेपे उठला. आत गेला, घोटभर पाणी प्यायला, परत आला. खुर्चीवर घडी घालून ठेवलेला नवा झेंडा त्यानं उचलला, थोडा वेळ हातात धरला. या झेंड्यासाठी त्यानं महिनाभर गाव डोक्यावर घेतलं होतं. आपण तो लावणार, हे त्यानं दुकानदारापासून पाद्रीबाबापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"धर," तो म्हणाला आणि झेंडा फेमियाच्या हातात दिला. "विस्तवाजवळ मी बसतो. वाट मामेर्तो दाखवेल."

"बाबा, तुम्ही?" नूरिसचं पेन थांबलं.

"का? मला काय हात नाहीत?"

"हात आहेत," फेमिया म्हणाली. झेंडा तिनं काखेत घट्ट धरला होता आणि तिची मान अशी ताठ झाली होती की मामेर्तोला चेष्टा सुचली तरी ओठावर आली नाही. "अक्कल मी देते. ऐका. तिथलं लाकूड ओलं निघतं. पाइनच्या राळेच्या चिरफळ्या इथून न्यायच्या, अंगाशी धरून, कोरड्या. आधी त्या पेटवायच्या, मग बारीक काटक्या, ओंडका शेवटी. फुंकर खालून मारायची, वरून मारली की धूर नाकात."

"खालून," चेपे म्हणाला. तीस वर्षं हुकूम देणारा माणूस बोटावर मोजत होता. "आणि घेवड्यात मीठ?"

"चाखून बघायचं. आणि तळ लागू द्यायचा नाही, हलवत राहायचं. भात नऊला टाका."

"नऊला."

"दहाला आम्ही येऊ," फेमिया म्हणाली. "भुकेलेले असू."