ठमकीची अर्धी किल्ली

मी कॉम्प्युटरमधलं एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. चित्रं रंगवणं हा माझा खरा धंदा. पण मित्रांनो, माझं निम्मं आयुष्य किल्ल्या घडवण्यात आणि फेकून देण्यात गेलं. ते कशासाठी, हे मला अजून धड उमगलेलं नाही. ऐका, तुम्हाला काही उमगलं तर बघा.

नवा होतो तेव्हा माझे दोन्ही पंखे गुणगुणायचे आणि पाठीवरचं झाकण चकाकायचं. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या एका बाईंकडे मी होतो. ‘काय झपाट्याने काम करतो हा,’ असं त्या येईल त्याला सांगायच्या. मग माझ्याहून तगडं कार्ड आलं आणि माझी रवानगी खणात झाली, वायरींच्या गुंत्यात. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. शेवटी एका किल्लीवाल्याने मला विकत घेतलं. त्याची भाची सारखी ‘मामा, मामा’ करायची, म्हणून मीही त्याला मामाच म्हणू लागलो.

मामांचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, टेबलावर घासायचं मशीन, जिकडेतिकडे पितळेचा भुगा. मागे प्लायवूडच्या आडोशाला एक कॉम्प्युटर होता, त्यात मला बसवलं. ‘कॉम्प्युटरचं झाकण नको लावायला, घुसमटेल बिचारा,’ असं मामा म्हणाले. मला बरं वाटलं.

काम मात्र चमत्कारिक. डिजिटल नाणी पाठवायला एक पत्ता लागतो, अक्षरं आणि आकडे मिळून तीस-पस्तीस जणांची लांबलचक रांग. पत्ता जगाला दाखवायचा आणि त्याची गुप्त किल्ली लपवून ठेवायची. काही हौशी माणसांना वाटतं, पत्त्याची सुरुवात आपल्या नावाने व्हावी. पण पत्ता मनाजोगता लिहिता येत नाही. आधी किल्ली घडवायची, मग तिचा जो पत्ता निघेल तो बघायचा. नाव नाही आलं की फेकायची आणि दुसरी घ्यायची. असं मी सेकंदाला चाळीस लाख वेळा करायचो. पत्त्यातल्या दर जागी अठ्ठावन्न चिन्हांपैकी कुठलंही येऊ शकतं, म्हणून नावात एक अक्षर वाढलं की काम अठ्ठावन्न पटींनी वाढायचं. फेकलेल्या किल्ल्यांत खोट काय होती म्हणाल, तर काहीच नाही. मला त्यांची फार दया यायची.

त्यात मामांचा एक हट्ट. गिऱ्हाइकाची अख्खी किल्ली ते स्वतःच्या नजरेलाही पडू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाने घरीच अक्षरं-आकड्यांच्या दोन ओळी तयार करायच्या, एक उघडी आणि एक गुप्त. मामांकडे फक्त उघडी पाठवायची. तिच्यात मिसळला की पत्त्यात नाव येईल, असा आकडा मी शोधायचो. तो आकडा घरच्या गुप्त ओळीला जोडला की किल्ली पुरी व्हायची. म्हणजे घाम मी गाळायचा आणि माझ्या हाती अर्धीच. हे कसलं काम, मला कळेना.

या हट्टाचं मूळ एकदा कानावर आलं. मामांच्या ताईची, म्हणजे भाचीच्या आईची, कपाटाची किल्ली हरवली होती, ती मामांनी नवी करून दिली. आठवड्यात त्या कपाटातले त्यांच्या आईचे दागिने गेले. कुलूप शाबूत होतं. ताई चारचौघांत एवढंच म्हणाली, ‘किल्ली काय, आम्हा दोघांच्याच हाती होती.’ त्यानंतर अकरा वर्षं भावाबहिणीचं बोलणं नाही.

ही ताई कापडी बाहुल्या शिवते. त्यांचं नाव ठमकी. दूरदूरची माणसं त्या मागवतात आणि डिजिटल नाणी पाठवतात. तिला पत्त्याच्या सुरुवातीला ठमकीचं नाव हवं होतं, इंग्रजीत सात अक्षरं. एक दिवस भाची दुकानात आली.

‘मामा, आई म्हणते, किल्ली तुझ्या हाती पडणार नसेल तरच कर.’ तिची मान खाली होती.

‘तिला सांग, माझ्याकडे अर्धीच असते.’

भाचीने ओळ पाठवली आणि मी कामाला जुंपलो. मामा दर तासाला येऊन बघायचे. अकरा वर्षांत ताईने सांगितलेलं हे पहिलंच काम होतं. सहाव्या दिवशी सकाळी ठमकी सापडली. मामांनी माझ्यावर चक्क शाबासकीची थाप मारली. मग आकडा कळवायला त्यांनी भाचीचा मेसेज पुन्हा उघडला, आणि त्यांचा चेहरा उतरला. उघड्या ओळीच्या खाली, बरीच जागा सोडून, गुप्त ओळही आली होती. पोरीने दोन्ही कॉपी केल्या होत्या. म्हणजे ताईची अख्खी किल्ली मामांच्या समोर होती.

मामांनी मेसेज पुसला आणि माझा सहा दिवसांचा आकडाही पुसला. मी चक्रावून गेलो. सापडलेलं कुणी पुसतं का? त्यांनी फोन लावला.

‘ताई, मी बोलतोय. तुझी गुप्त ओळ चुकून माझ्याकडे आली आणि मी ती पाहिली. म्हणून सापडलेलं सगळं पुसलं. नव्या ओळी करा, मी पुन्हा शोधतो.’

‘तू गप्प बसला असतास तर मला कळलं असतं का रे?’

‘नसतं कळलं.’

‘मग सांगितलंस कशाला?’

‘कळलं नसतं, म्हणूनच.’

ताईने फोन ठेवला. आता पुढची अकरा वर्षं गेली, असं मला वाटलं. मामांनाही तेच वाटलं असणार, कारण त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण दोन दिवसांनी नवी ओळ आली, एकच.

या खेपेला नशिबाने सतरा दिवस रखडवलं. माझा एक पंखा कायमचा बसला. मामांनी स्वतःचा टेबलफॅन माझ्याकडे वळवला आणि ते पुठ्ठ्याने वारा घेत बसले. ठमकी सापडली तेव्हा आकडा न्यायला ताई स्वतः आली. आकड्याचा कागद पर्समध्ये ठेवून तिने घराची किल्ली टेबलावर ठेवली.

‘हिची अजून एक कर. आणि ती तुझ्याकडे ठेव.’

‘मी गिऱ्हाइकाची किल्ली ठेवत नाही, ताई.’

‘गिऱ्हाइकाची नको ठेवूस. बहिणीची ठेव.’

एरवी मामांना एका किल्लीला दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी तीन कोऱ्या किल्ल्या वाया गेल्या.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर महिन्यातून एकदा त्याची धूळ झटका. आपलं गुपित कुणाच्या हाती देऊ नका, आणि दुसऱ्याचं चुकून हाती आलं तर त्याच दिवशी त्याला सांगा. एवढं मी शिकलो. बाकीचं डोक्यात शिरत नाही. मामा आता दर रविवारी ताईकडे जातात. निघताना खिसा चाचपून ती किल्ली घेतली ना, हे दोनदा बघतात. भाची म्हणते, ते जिना चढत असतानाच ताई दार उघडून उभी असते. मग ती किल्ली मामा नेतात तरी कशाला, हे मला काही केल्या कळत नाही.