लाइन जिवंत आहे ना?

संगणक इतका जुना होता की त्याचा पांढरा रंग म्हाताऱ्याच्या दातांसारखा पिवळा पडला होता. फोनच्या तारेवरून तो दुसऱ्या संगणकाशी जोडायचाच, असा मोडेमरावांनी चंग बांधला होता. नाव अर्थात शेजाऱ्यांनी ठेवलेलं; ती जोडणी करणाऱ्या मोडेमच्या किंकाळ्या भिंतीपलीकडून तेच ऐकत होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला असाच एक छांदिष्ट मित्र आपला संगणक चालू ठेवून बसायचा. त्याला फोन लावायचा, जोडणी झाली की गड सर! चार महिने झाले, गड तिथेच होता.

आज शेवटचा दिवस. बायकोने बजावलं होतं, "अहो, बाराच्या ठोक्याला ते लागलेलं दिसलं तर खोली तुमची. नाहीतर माझं शिलाई मशीन इथे, आणि हे धूड भंगारात." मशीन स्वयंपाकघरात होतं. गिऱ्हाइकं नव्या कपड्यांना कांद्याचा वास येतो म्हणून कुरकुरत होती.

साडेअकरालाच भंगारवाला काटा घेऊन हजर.

"साहेब, बसू का उचलू?"

"बस!" मोडेमराव गरजले. मग घराला तंबी, "बाहेरच्या फोनला कुणी हात लावायचा नाही! लाइन एकच आहे. तिकडे उचलला की इकडे तुटतं."

"आम्ही कुठे लावतो," बायको म्हणाली.

मोडेमने नंबर फिरवला. टुंईं, खर्रर्र, मग मांजरांचं भांडण. मोडेमराव पुढे वाकले. लाइन जिवंत आहे ना? खात्री नको? तीन ढांगांत ते बाहेरच्या खोलीत गेले आणि फोन उचलून कानाला लावला. मांजरं जोरात होती. समाधानाने फोन ठेवून परत येतात तर पडद्यावर: संपर्क तुटला.

"टेलिफोन एक्स्चेंजवाल्यांचा नालायकपणा!"

चार महिन्यांत त्यांनी तीन मोडेम बदलले होते, भिंत फोडून वायर नवी टाकली होती, एक्स्चेंजला सात पत्रं धाडली होती. बायको एकदाच बोलली होती, "अहो, फोन तर तुम्हीच उचलता."

"मी उचलत नाही, तपासतो! तुला यातलं काय कळतं?"

 दुसऱ्या दिवशी तिने टेप घेऊन खोलीचं माप काढलं.

बाराला सहा मिनिटं कमी. मोडेम पुन्हा किंचाळू लागला. मोडेमराव उठले, पण दारातच भंगारवाल्याने गाठलं, "साहेब, लोखंडी टेबलपण द्यायचंय ना?"

"टेबल? अरे, टेबलाला हात लावून तर बघ!"

चांगली जुंपली. इतकी, की आतला आवाज थांबलेलाही कळला नाही.

"अहो, लागलं!" आतून बायको.

पडद्यावर मित्राची अक्षरं एकेक करत उमटत होती: आलास का रे बाबा?

मोडेमरावांचे डोळे भरून आले. भंगारवाल्याने तोंड पाडून चपला घातल्या. बायको निमूटपणे टेप गुंडाळू लागली. बाराला दोन मिनिटं होती.

"बघितलंस? याला म्हणतात चिकाटी!" मोडेमराव दाराकडे वळले. "थांब, लाइन ठीक आहे ना, एकदा बघून येतो."

बायकोने तोंड उघडलं. मग मिटलं.

"या बघून," ती म्हणाली. "तुम्हालाच त्यातलं कळतं."

बाहेर फोन उचलल्याचा आवाज आला. भंगारवाल्याने चपला परत काढल्या.